टेलिफोनच्या पायाशी गवती चहा

आबा, आपल्या भांडणाचा निकाल परवा लागला. इतकी वर्षं तुम्ही म्हणत आलात की खोट माझ्या पेटीत आहे, आणि मी म्हणत आले की खोट तुमच्या लाईनमध्ये आहे. पेटी म्हणजे माझा मोडेम, आणि लाईन म्हणजे तुमचा जीव की प्राण असलेला टेलिफोन. तर ऐका, पेटी चांगली होती. मी जिंकले. आता तुमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि "सांगत नव्हते मी?" म्हणायचं, तर तुम्ही गळ्यात हार घालून भिंतीवर जाऊन बसलात. असलं जिंकणं माझ्या काही कामाचं नाही.

दिवसकार्य, गंधमुक्ती, सगळं झालं. धुळ्याचे, भुसावळचे पाहुणे आपापल्या गाडीला लागले. ओट्यावरच्या सतरंज्या झटकून घड्या घालून झाल्या. आता घरात सासूबाई, तुमचा दिलीप आणि मी, तिघंच. माणसं होती तोवर मला रडायलाही सवड नव्हती. चहा, पाणी, जेवणाची पानं यातच दिवस निघून जायचा. सगळे गेले, घर गप्प झालं, आणि मग तुमच्याशी बोलायची तलफ आली. तुमच्याशी बोलायचं म्हणजे भांडायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सासरा आणि सून एका तारेवरून भांडतात हे बघायला शेजारच्या अक्का मुद्दाम पीठ चाळायला आपल्या ओट्यावर यायच्या.

मी जळगावातल्या पिंप्राळ्याहून या घरात आले तेव्हा रुखवतात ताट-वाट्यांच्या शेजारी कॉम्प्युटर मांडला होता. वऱ्हाडातल्या बायका त्याला हात लावून बघत होत्या. तुम्ही लांबूनच म्हणालात, हा टीव्ही बरा आहे, याला अँटेना लागत नाही. मला राग आला होता. नवी नवरी म्हणून मान खाली घातली, पण मनात म्हटलं, या माणसाशी आपलं जमायचं नाही.

आणि तरी मी काम करायचं म्हटल्यावर घरातून पहिला होकार आला तो तुमचा. पुण्याचे एक छापखानेवाले शाळेच्या मुलांसाठी सरावपुस्तकं काढायचे. हाताने लिहिलेली पानं ते कुरियरने पारोळ्याला पाठवायचे, दिलीप तिथल्या कृषी सेवा केंद्रातून घरी येताना ती घेऊन यायचा. मी ती टाईप करायची, पानं लावायची आणि संध्याकाळी ईमेलने परत पाठवायची, म्हणजे सकाळी त्यांच्या हातात. हे जमलं तर जळगावला बिऱ्हाड करायची गरज नाही, गावातच राहू, असं माझं आणि दिलीपचं ठरलं होतं. बाईंना वाटत होतं, सुनेनं दिवसभर पेटीसमोर बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील. तुम्ही तंबाखू मळता मळता म्हणालात, "फोन शे ना घरमा? मग लाव तुन्ही पेटी." झालं, विषय संपला. त्या एका वाक्यासाठी मी तुमचे पुढचे सगळे टोमणे माफ केले.

तुमचा फोन म्हणजे काय साधी गोष्ट होती? अर्ज करून किती उन्हाळे गेले तेव्हा तो आला. बाईंनी विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो झाकलेला असायचा आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. गावात कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, सगळं त्याच तारेवरून यायचं. त्या तारेत मी माझा मोडेम जोडला. आजच्या पोरांना सांगावं लागतं, मोडेम म्हणजे काय. कॉम्प्युटरचं बोलणं फोनच्या तारेतून जाईल अशा आवाजात बदलायचं, आणि पलीकडून आलेला आवाज परत कॉम्प्युटरला कळेल असा करायचा, एवढंच त्याचं काम. पण ते करताना तो असा किंचाळायचा की पहिल्या दिवशी तुम्ही ओट्यावरून पळत आत आलात, "फोनले काय करं तू?"

नंतर तुम्हीच त्या आवाजाला नाव ठेवलंत. दोन व्याही बैठकीला बसलेत, म्हणायचात. आधी दोघं मोठ्यानं बोलतात, मग कुजबुजतात, मग एकदम गप्प होतात, म्हणजे सोयरीक जमली. सोयरीक जमली की मी हात वर करायची आणि तुम्ही मान डोलवायचात. आणि तुटली की ओट्यावरूनच विचारायचात, "काय इंजिनेर, बैठक मोडनी का?" मी डिप्लोमा झालेली, इंजिनिअर कुठली? पण गावाला तुम्ही मला इंजिनेर करून टाकलंत, आणि दोन-चार घरांतली माणसं तर रेडिओ दुरुस्तीला माझ्याकडे घेऊन यायला लागली.

बैठक मोडायची ती संध्याकाळीच. सकाळी लाईन गुणाची असायची. दुपारी बरी. दिवस कलला की फोनमध्ये घूं असा आवाज भरायचा आणि मोडेम धडपडायला लागायचा. लागायचा, तुटायचा, परत लागायचा. मोठी फाईल अर्ध्यावर गेली की लाईन पडायची, आणि परत पहिल्यापासून सुरुवात. पावसाळ्यात तर दिवसभर बोंब, पण पावसात कुणाची लाईन चालते, म्हणून त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. सकाळी पाठवावं म्हटलं तर छापखान्याचं गणित बिघडायचं, आणि सकाळी मला भाकरी, पाणी, गुरांचं, सगळं असायचं. माझी वेळ ती संध्याकाळचीच.

मग आपली शोधमोहीम सुरू झाली. मी तारेचं वेटोळं सोडवून ती सरळ केली. भिंतीवरच्या डबीचे स्क्रू ब्लेडने घासून घट्ट आवळले. मोडेमला सावकाश चालायला सांगणाऱ्या आज्ञा टाईप केल्या. हळू बोल, पण तोडू नको, अशा अर्थाच्या. तुम्ही सायकलला विळा बांधलेला बांबू अडकवून खांबाखांबाने फाट्यापर्यंत जायचात आणि तारेला टेकणाऱ्या लिंबाच्या फांद्या तोडून यायचात. एकदा एक अख्खा पतंग शेपटासकट काढून आणलात आणि खटल्यातला पुरावा ठेवावा तसा माझ्या टेबलावर ठेवलात. त्या संध्याकाळीही बैठक मोडलीच.

मी म्हणायची, हे शेतातल्या मोटारींमुळे होतं. संध्याकाळी थ्री फेज लाईट येते, सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात, त्यांची घरघर तुमच्या तारेत उतरते. तुम्ही ऐकून घेतलंत. पुढच्या आठवड्यात थ्री फेजची पाळी बदलून सकाळची झाली, आणि लाईन संध्याकाळीच बिघडत राहिली. तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. मग तुमचं म्हणणं पुढे आलं की पेटी दिवसभर तापते आणि संध्याकाळी दमते. म्हणून आपण मोडेम माठाच्या तिवईपाशी गारव्याला ठेवला, वर पंखा लावला. काही फरक नाही. तेव्हा माझा चेहरा कसा होता ते तुम्हीच सांगायला हवं होतं.

"मन्ही लाईनमा खोट नही शे," तुम्ही रिसीव्हर कानाला लावून म्हणायचात. "टोन कसा खणखणीत शे, ऐक." मी ऐकायची तर आत घूं चाललेलं. मला ऐकू यायचं, तुम्हाला यायचं नाही. तुमचे कान तेव्हापासूनच जरा मागे पडले होते, पण ते कबूल करणारा माणूस तुम्ही नव्हतात. मी म्हणायची, आवाज आहे. तुम्ही म्हणायचात, तुझ्या डोक्यात आहे. अक्का पीठ चाळायचं थांबवून ऐकत बसायच्या.

या सगळ्यात एक गोष्ट रोज घडायची आणि ती आपण दोघंही बघायचो. शेतातून आलात की तुम्ही हातपाय धुवायचात आणि कळशी भरून अंगणात जायचात. आधी तुळशीला पाणी. मग लाईटच्या मीटरखाली, जिथे अर्थिंगची तार जमिनीत गाडली आहे, तिथे पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते, तार कोरडी पडली की शॉक बसतो, म्हणून मीटरच्या पायाशी ओल राखायची हे घरोघरचंच आहे. आणि कळशीत उरलेलं सगळं पाणी फोनच्या पायाशी. बाहेरच्या भिंतीवर आकाशातल्या विजेपासून फोनला वाचवणारी डबी होती, तिची एक तार खाली मातीत गेली होती. मीटरची तार ओली हवी तर फोनची का नको, असं तुमचं साधं गणित. उलट मीटरपेक्षा फोनला जास्तच पाणी मिळायचं, लाडका ना तो.

त्या ओलीवर बाईंनी गवती चहा लावला होता. काय माजला होता तो! गुडघ्याच्या वर पाती. मोडेम लागायची वाट बघत मी खिडकीतून हात घालून दोन पाती तोडायची आणि बाई चहा टाकायच्या. बैठक जमो की मोडो, चहा व्हायचाच. बशीत ओतून फुंकर मारत तुम्ही विचारायचात, आज पुण्याला काय चाललंय, आणि मी सांगायची, आज तिसरीचं गणित. मग तुम्ही त्यातलं एखादं उदाहरण मला घालायला लावायचात आणि चहा संपायच्या आत तोंडी सोडवायचात. ते दिवस चांगले होते आबा. मी तेव्हा चिडलेली असायची म्हणून मला ते कळलं नाही, एवढंच.

ती चौथीच्या पुस्तकाची संध्याकाळ मात्र मला विसरता येत नाही. अख्खं पुस्तक एकदम पाठवायचं होतं आणि छापखानेवाल्यांनी बजावलं होतं, सकाळी मशीन लागणार, उशीर चालणार नाही. वारा सुटला होता आणि दारासमोरच्या लिंबाची फांदी तारेवर आपटत होती. दिवस मावळत होता, फांदी तोडायला वर चढायचं तर तुमचे गुडघे साथ देत नाहीत आणि दिलीप अजून आलेला नाही. तुम्ही बांबू घेतलात आणि त्याच्या टोकाने फांदी तारेपासून लांब रेटून धरलीत. म्हणालात, जा, पाठव.

मी पाठवायला बसले. फाईल हळूहळू सरकत होती. निम्मी गेली, निम्म्याच्या पुढे गेली, जवळजवळ सगळी गेली आणि बैठक मोडली. मी खिडकीतून तुमच्याकडे बघितलं. धूळ डोळ्यांत जात होती, टोपी उडून कुंपणाला अडकली होती, हात वर ताणलेले.

"पोचनं का?" तुम्ही विचारलंत.

मी नाही म्हटलं. म्हटलं, आबा, आत या, राहू द्या आज.

"पुन्हा लाव," तुम्ही म्हणालात. "मी शे आठे."

मी पुन्हा लावलं. पुन्हा मोडलं. तुम्ही तिथून हलला नाहीत. दिलीप येऊन त्याने बांबू हातातून घेतला तेव्हा तुम्हाला बोटं सरळ करता येत नव्हती. आणि आबा, आता मला हेही आठवतं की बांबू हातात घ्यायच्या आधी तुम्ही सवयीप्रमाणे कळशी फोनच्या पायाशी ओतून आला होतात.

दुसऱ्या दिवशी दिलीप पहिल्या एसटीने जळगावला गेला आणि तिथून त्याने पुस्तक पाठवलं, पण छापखान्याची वेळ टळून गेली होती. पुढचं पुस्तक त्यांनी दुसरीकडे दिलं. रागावले नाहीत, नुसतं कळवलं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच आम्ही पिंप्राळ्याला बिऱ्हाड केलं. जायच्या आदल्या दिवशी दिलीपने तुम्हाला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. जळगावला त्याला बी-बियाण्यांच्या ऑफिसात मोठी जागा मिळत होती, ते सांगितलं. मला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी सारखा प्रवास करू नको म्हटलं होतं, ते सांगितलं. पुढे पोरांची शाळा. आणि हिचं काम, इथे लाईन टिकत नाही. मी चौकटीत उभी होते. तुम्ही सगळं ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "लाईन सुधरनी तर?" दिलीप हसून म्हणाला, आबा, ती काय सुधारत नाही आता. तुम्ही उठून गोठ्यात गेलात.

निघताना तुम्ही गवती चहाचा एक ठोंब मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवलात. शहरातला चहा पाणचट असतो म्हणालात. तो ठोंब आमच्या पिंप्राळ्याच्या गॅलरीत कुंडीत आहे, अजून आहे. त्याचे ठोंब सगळ्या कॉलनीत गेलेत.

मग बरीच वर्षं गेली. मोडेम गेले, घरात जाड वायरचं इंटरनेट आलं, मग हातातल्या फोनमध्येच सगळं आलं. मी माझं काम वाढवलं, दोन मुली हाताखाली ठेवल्या. सुट्टीत गावाला आलो की मी मुद्दाम जुनी कळ काढायची: काय आबा, कबूल करता का, खोट लाईनमध्ये होती? आणि तुम्ही लढायचात. नातवाला साक्षीला बसवायचात. तुमच्या मते आमच्या घरात इंटरनेट बंद पडलं की सूड उगवला जायचा.

तुमच्या कानाचं मशीन बसवायला तुम्ही आमच्याकडे आला होतात, तो वैशाख आठवतो? आठवडाभर राहिलात. बाईही बरोबर होत्या, गावातलं घर बंद. पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा फोडणीचा आवाज ऐकून दचकलात आणि दिवसभर जो तो काय बोलतो ते ऐकत हसत बसलात. गावी पोचल्यावर फोन केलात. म्हणालात, "आते कसं साफ ऐकू येस, पोरी. काही आवाज नही." मी म्हटलं, मशीनची कमाल आहे, जपून वापरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तुमचा फोन. काही खास नाही म्हणालात. मला तुमच्या आवाजामागे ते जुनं घूं ऐकू येत होतं. मी म्हटलं, मशीन नीट बसवा, तेच गुणगुणत असेल. तुम्ही बरं म्हणून ठेवलात. मग रोज फोन यायला लागला. कधी घूं असायचं, कधी नसायचं. बोलायला तुमच्याकडे काही नसायचं; जेवलीस का, पोरगं कुठंय, आणि मग नुसतंच ऐकत राहायचात. मी दिलीपला म्हटलं, आबांना करमत नाही वाटतं. मग एक दिवस ते फोन थांबले. आणि त्यानंतर लाईनचं नावही तुम्ही कधी काढलं नाहीत. मी कळ काढली की तुम्ही कापसाचा भाव सांगायचात, नातवाला हाक मारायचात, उठून जायचात. मला वाटलं, वय झालं, भांडणाचा कंटाळा आला असेल. मी पण मग छेडायचं सोडून दिलं. त्याच सुमारास कधीतरी मी विचारलं होतं, अंगणातला गवती चहा कुठे गेला, तर म्हणालात, उन्हाळ्यात जळाला.

परवा सकाळी अंगण धुवायला काढलं. बादली संपवायची म्हणून मी फोनच्या भिंतीकडे वळले. तिथे तुम्ही एक शहाबादी फरशी टाकून ठेवली आहे, चपला ठेवायला असावी असं मला इतकी वर्षं वाटत होतं. बादली तिरपी केली, तोच बाई चुलीपासून म्हणाल्या, "तठे पानी टाकू नको व." मी विचारलं, का? त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिल्या. मी परत विचारलं. फोन तर रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला, खांब काढून नेले, तार कबाडीत गेली; आता तिथे पाणी टाकलं काय, न टाकलं काय?

बाईंनी पदराला हात पुसले आणि येऊन ओट्यावर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते त्या अडखळत सांगत होत्या, पण मला पहिल्या दोन वाक्यांतच सगळं कळलं. वैशाखात घर बंद होतं, आठवडाभर तिथे पाणी पडलं नाही, जमीन कोरडी ठणठणीत झाली. तुम्ही मशीन लावलेल्या कानाने फोन उचललात आणि तो स्वच्छ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सवयीने कळशी ओतलीत, मग फोन लावलात, तर आत घूं. फोनच्या त्या डबीतच गळती असणार. माती ओली झाली की लाईन तिच्यातून जमिनीत गळायची आणि बाहेरची सगळी घरघर आत शिरायची. तुम्हाला माझ्यासारखे शब्द ठाऊक नव्हते, पण पद्धत माझीच वापरलीत. एक दिवस पाणी, एक दिवस कोरडं, आणि दरवेळी मला फोन लावून ऐकायचं. शेवटी खात्री पटली तेव्हा फरशी आणून तिथे टाकलीत, कुणाच्या हातून चुकूनही पाणी पडू नये म्हणून. गवती चहा त्या फरशीखाली गेला.

"त्यासनी फक्त माले सांगं व्हतं," बाई म्हणाल्या. "म्हनेत, मन्हामुये पोरं गावमाईन गयात. तिले सांगू नको."

माझ्यामुळे पोरं गावातून गेली. आबा, हे एवढं मोठं ओझं तुम्ही त्या फरशीखाली दाबून ठेवलंत आणि माझ्याशी कापसाच्या भावावर बोलत राहिलात?

तुमच्यावर राग येतो मला. मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, माहीत आहे? हसले असते. आठवडाभर हसले असते. अक्कांना बोलावून सांगितलं असतं की आबांनी टेलिफोनला पाणी घालून घालून आजारी पाडलं. तुम्ही आधी चिडला असतात, मग तुम्हीही हसला असतात, आणि मग कुणाच्या मनात काही उरलं नसतं. त्या हसण्याला भ्यालात की मी हसणार नाही याला भ्यालात, ते आता कुणाला विचारू?

दिलीपने चार गोष्टी सांगितल्या होत्या तुम्हाला, त्या ओट्यावर. नोकरी, दवाखाना, शाळा आणि लाईन. तुम्ही त्यातली एकच उचललीत, कारण तेवढी एकच तुमच्या हातातली होती. म्हणून नीट ऐका. मशीन काढून ठेवलं असेल तर लावा आणि ऐका. लाईन लख्ख चालली असती तरी आम्ही गेलोच असतो. वर्षभर उशिरा गेलो असतो, फार तर दोन वर्षं. दिलीपला जायचंच होतं, आणि पोर झाल्यावर मलाही जायचं होतं. तुमच्या कळशीने कुणाला घालवलं नाही. आणि कळशी तरी तुमची एकट्याची कुठे होती? तुम्हाला शेतातून यायला उशीर व्हायचा तेव्हा ती मीच भरायची. तुळशीला, मीटरला आणि उरलेलं सगळं तुमच्या लाडक्याला. ओतून यायची आणि मोडेमवर चिडत बसायची. खोट ना पेटीत होती ना एकट्या तुमच्यात. आपण दोघांनी मिळून ती रोज पाणी घालून वाढवली आणि तिचाच चहा प्यायलो.

मला जे सांगायचं राहिलं ते हेही नाही. मला सांगायचं होतं की त्या संध्याकाळी वाऱ्यात बांबू धरून "मी शे आठे" असं म्हणणारं माणूस मला पुढे कुठेच भेटलं नाही. जळगावात लाईन चांगली होती, करंट जायचा नाही, काम वेळेवर पोचायचं. पण बैठक मोडली का असं ओट्यावरून विचारणारं कुणी नव्हतं. फाईल पोचली की मी अजूनही हात वर करते. हाताखालच्या मुली हसतात मला. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं, तुम्ही रोज फोन करत होतात तेव्हाच. तुम्ही नुसते ऐकतच तर होतात.

काल दिलीप जळगावला जाऊन आला. त्याला म्हटलं होतं, गॅलरीतल्या कुंडीतून एक ठोंब घेऊन ये. त्याने विचारलं नाही कशाला. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून फरशी उचलली. खाली माती दगडासारखी, आणि ती तुमची तार अजून तशीच रुतलेली, वर कशालाही न जोडलेली. मी खुरप्याने जागा केली, ठोंब लावला आणि कळशी भरून आणून सावकाश सगळी ओतली. माती पाणी पीत राहिली. आता लाईन नाही, तिला काही व्हायचं नाही.

बाई चौकटीत उभ्या राहून बघत होत्या. नको म्हणतील असं वाटलं.

"मीटरले बी टाक थोडं," मग म्हणाल्या.

कळशी रिकामी झाली होती. मी पुन्हा भरून आणली.